बाणाखालचं वळण

मी एकदा एका ओढ्याचं वळण खोडलं. रबराने. साधं शाळेतलं, गोड वासाचं रबर होतं. खोडताना मला काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट कागद स्वच्छ दिसायला लागला म्हणून मी जरा लांब होऊन, मान तिरकी करून, स्वतःच्याच कामाकडे कौतुकाने पाहिलं.

नातवंडांना वाटतं, आजी विनोद करतेय. तेव्हा मी चाळिशीच्या आसपास होते, हायस्कुलात भूगोल शिकवायचे, आणि जगातल्या सगळ्या नद्या मला विचारून वाहतात अशी माझी समजूत होती. आमच्या गावाचा मोठा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आलं होतं. कार्डशीटवर कार्डशीट चिकटवून मी तो भिंतभर केला. वरच्या उजव्या कोपऱ्यात उत्तर दिशा दाखवणारा बाण काढला. साधासुधा बाण असेल तर मी कसली. त्याला पिसं काढली, टोक लाल केलं, खाली वेलबुट्टी घातली. मग ओढा काढत काढत वर आले तर त्याचं वळण नेमकं बाणाच्या पिसांत घुसायला लागलं. दोघांपैकी एकाला जाणं भाग होतं. मी बाण ठेवला.

त्या वळणात माणसं राहत होती.

पण हे लिहायला बसले आहे ते माझ्या रबरासाठी नव्हे, दामूदादांसाठी. रबर मध्ये आणावं लागलं, कारण त्याच्याशिवाय दादा काय चीज होते ते सांगता येत नाही.

आमचं गाव शहापूर आणि मुरबाडच्या दरम्यान आहे. नाव सांगत नाही, यातली बरीच मंडळी अजून धडधाकट आहेत आणि त्यांतली काही माझ्याकडे चहाला येतात. खेडं म्हणावं तर बाजारपेठ आहे, शहर म्हणावं तर गुरं रस्त्यात बसतात. ओढा गावातून जातो आणि पुढे काळू नदीला मिळतो. गावात रेल्वे नाही, त्यामुळे गावाचं नाक म्हणजे एसटी स्टँड, आणि त्या स्टँडचे कंट्रोलर होते दामूदादा.

उंच, किंचित वाकलेला माणूस. मोठे कान. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी. निवृत्त झाल्यावर खाकी शर्ट त्यांनी ट्रंकेत ठेवला, शिट्टी नाही ठेवली. लग्नाला, बारशाला, कुणाच्या दुःखात भेटायला गेले तरी सदऱ्याच्या आत शिट्टी असायचीच. आणि बोलताना ते तुमच्या तोंडाकडे बघत नसत, तुमच्या खांद्यावरून मागे बघत. पहिल्या भेटीत मला तो अपमान वाटला. मी नवी साडी नेसून गेले होते आणि हा माणूस माझ्या मागच्या उसाच्या गुऱ्हाळाकडे पाहत होता. पुढे कळलं, की गाडी सोडताना सबंध फलाटावर नजर टाकायची सवय आयुष्यभर लागली होती. शिट्टी तोंडाशी न्यायची, मागे बघायचं, आणि विचारायचं, "मागं कोन ऱ्हायला?" उत्तर आलं की मगच फुंकर.

याचा अर्थ ते गाडी थांबवायचे असा नाही. स्वतःच्या मुलीच्या लग्नात वऱ्हाड आमच्याच स्टँडवरून परत निघालं होतं. विहीणबाई वेणी घ्यायला बाजारात गेल्या आणि रेंगाळल्या. दादांनी वेळ झाल्यावर फलाटावर पाहिलं, विहीणबाई नव्हत्या, शिट्टी फुंकली, गाडी गेली. विहीणबाई मागून जीपने गेल्या आणि त्यानंतर कैक वर्षं त्यांनी दादांच्या घरचा चहा घेतला नाही. त्याच आठवड्यात एक म्हातारा डोक्यावर गवताचा भारा घेऊन फलाटाच्या टोकापासून रखडत येत होता. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, आतले लोक कुरकुरत होते, आणि दादा शिट्टी हातात धरून उभे. ड्रायव्हर म्हणाला, विहीणबाईंना एक नियम आणि या म्हाताऱ्याला दुसरा, हा कुठला न्याय.

दादा म्हणाले, "उशीर झाला तो येगळा, मागं ऱ्हायला तो येगळा."

मला तेव्हा हा शब्दांचा कीस वाटला होता. मी कल्याणहून शिकून आले होते ना.

हौशाबाई मला पहिल्यांदा दिसली ती याच फलाटावर. ती सुकट विकायची. कल्याणहून सुके मासे आणायचे आणि आसपासच्या बाजारांत, थंडीत म्हसा गावच्या जत्रेत बसून विकायचे. तिची टोपली गाडीत चढली की मागच्या बाकापर्यंत सगळे नाकाला पदर लावायचे. टोपली टपावर टाका म्हणून ओरडा व्हायचा. टपावर पावसात सुकट भिजली तर तिचा आठवडा गेला. दादा शांतपणे सांगायचे, की तिनं टोपलीचं तिकीट काढलंय, वास त्याच तिकिटात आला. मी त्या गाडीत असले की खिडकीबाहेर बघायचे. मासे मला आवडायचे, पण ताटात.

त्या वर्षांत पावसाचं डोकं फिरलं होतं. भात कापून शेतात पसरलं की दिवाळीनंतर पाऊस यायचा आणि उभ्या वर्षाचं भात जागेवर मोड काढायचं. होळीलाच विहिरींचे तळ दिसायचे. स्टँडच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात माणसं चक्कर येऊन पडायला लागली. एका पावसाळ्यात तर ओढ्याचं पाणी बाजारात शिरलं आणि खालच्या आळीतल्या चुली विझवून गेलं. तशात पुण्याच्या एका संस्थेचा तरुण इंजिनिअर आला. फार गोड मुलगा. त्याने शाळेच्या भिंतीवर चित्रं दाखवली, जग तापतंय, पाऊस असाच वेडावाकडा होत जाणार म्हणाला, आणि लहान गावांनी आतापासून आपापला आराखडा करायला हवा, तोही लोकांना विचारून. लोकसहभाग हा शब्द तो प्रसादासारखा दोन्ही हातांनी द्यायचा. मागून कुणीतरी म्हणालं, हवामान बदलतंय तर आमी काय करायचा, तुमी आधी पंखा लावा.

सरपंचांनी आराखड्याच्या समितीवर दामूदादांना अध्यक्ष नेमलं. गावात दोन तट होते, आणि दादांनी आपल्यासाठी गाडी थांबवली किंवा दुसऱ्यासाठी थांबवली असं दोघांपैकी एकालाही म्हणता येत नव्हतं. मला चिटणीस नेमलं, अक्षर चांगलं म्हणून. मी मात्र घरी सांगितलं, की भूगोलाच्या ज्ञानामुळे.

पहिली सभा पंचायतीत झाली. जे नेहमी येतात ते आले, जे नेहमी बोलतात ते बोलले. दादा त्यांच्या खांद्यांवरून मागच्या रिकाम्या सतरंजीकडे बघत बसले. बाहेर पडल्यावर म्हणाले, की पुढची सभा स्टँडवर. इंजिनिअर गोंधळला. दादांनी त्याला समजावलं, "गाडीची वाट बघनारा मानूस खरा बोलतो. त्याला दुसरा कामच नसतो."

आणि खरंच, गावाने आपला आराखडा एसटीच्या बाकांवर बसून सांगितला. मी कठड्याला टेकून लिहायचे. एक बाई सांगायची, उन्हाळ्यात कुठल्या विहिरीचं पाणी खारट होतं. कॉलेजात जाणाऱ्या मुली सांगायच्या, दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही, समोर झाडं होती ती कुणी तोडली ते विचारा. कुणी ओढा पूर्वी किती रुंद होता ते रस्त्यावर पावलं टाकून दाखवायचा, आणि दुसरा ती पावलं खोटी ठरवायचा, मग दोघांची जुंपायची आणि तेवढ्यात गाडी यायची. भांडण अर्धं टाकून दोघं एकाच बाकावर बसून जायचे. इंजिनिअरला प्राधान्यक्रम हवा होता. लोकांना सगळ्यात आधी स्टँडवर बायकांसाठी मुतारी हवी होती. त्याचा हवामानाशी काय संबंध, असं मी कुजबुजले. दादांनी मला ते पहिल्या ओळीत लिहायला लावलं. उन्हाळ्यात बाया पाणी का पीत नाहीत आणि चक्कर येऊन का पडतात, हे मला, बाई असून, दादांच्या तोंडून ऐकावं लागलं.

पण बाकी सगळं एका बाजूला आणि ओढा एका बाजूला. केशवशेठची लाकडाची वखार ओढ्याला लागून होती, आणि ते मागच्या अंगाने मातीची भरणी करत करत ओढ्यात सरकत होते. खालच्या आळीचं म्हणणं, यांनी गळा दाबला म्हणून पाणी आमच्या घरात येतं. शाळेच्या हॉलमध्ये सभा लागली. आळीतली पोरं दाराशी उभी होती, शेठचे हमाल खिडक्यांपाशी. शेठनी उतारा फडकवला, माझी जागा म्हणाले. कुणीतरी त्यांच्या आईवरून बोललं. एक खुर्ची उचलली गेली आणि डोक्याच्या वर, हवेत, तशीच राहिली. मी टेबलाखाली जायच्या बेतात होते. खोटं कशाला सांगू, अर्धी गेलेच होते.

दादांनी शिट्टी फुंकली.

सबंध हॉल खाली बसला. गाडी सुटणार म्हटल्यावर माणूस जशी जागा धरतो तसा. दादांनी शेठना विचारलं, की पाणी इथून जायचं नाही तर कुठून जाऊ दे ते तुमी सांगा. शेठनी उताऱ्याची घडी घातली. मग दादा आळीकडे वळले आणि विचारलं, की शेठनी लाकूड कुठं रचायचं ते तुमी सांगा. आळीतली पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्या दिवशी निकाल काही लागला नाही. पण भरणीचे ट्रक पावसाळ्यापुरते थांबले, आणि दादांनी पुराच्या वेळी दोर आणि बांबू पुरवायचं काम केशवशेठच्या गळ्यात घातलं. आळी चिडली. चोराच्या हाती किल्ली म्हणून दादांच्या दारात येऊन बोलून गेली. दादा म्हणाले, "ज्याच्याकडं दोर हाय त्याच्याशी भांडा. अबोला नका धरू."

आराखडा आकाराला आला. ओढा किती रुंद ठेवायचा, पावसाळ्याआधी कुणी साफ करायचा, स्टँडपुढे कुठली झाडं लावायची. आणि पाणी चढलं तर दादा शिट्टी मारत आळीतून फिरतील, शाळेची घंटा वाजेल, आणि नकाशात जी घरं लाल आहेत ती माणसं शाळेत येतील. प्रत्येक लाल घराला आधी जाऊन सांगायचं, घंटा झाली की निघा. नकाशा माझा. लाल रंग मी भरलेला. वळण खोडल्यामुळे ओढा त्या कोपऱ्यात सरळ वर निघून गेला होता, आणि त्या बाजूची घरं कुठे दाखवावीत तर तिथे माझा बाण होता.

शेवटच्या सभेला दादा म्हणाले, की अजून एक बैठक बाजाराच्या दिवशी बाजारात घेऊ, दुकान टाकून बसणारी माणसं कुठल्याच सभेला आली नाहीत. माझे पेपर तपासायचे राहिले होते. इंजिनिअरला पुण्याला अहवाल द्यायचा होता. मी म्हटलं, दादा, किती सभा घ्यायच्या, लोकांना आता आपली तोंडं बघवत नाहीत. त्या दिवशी दादांना दम्याने धरलं होतं. दोन शब्द बोलले की थांबत होते. त्यांनी विचारलं, "मागं कोन ऱ्हायला?"

मी भिंतभर नकाशाकडे पाहिलं. किती सुंदर दिसत होता.

"कोणी नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. माझ्यामागे नकाशाच होता. त्यांनी सही केली.

पुढच्याच जुलैत तो पाऊस आला. शाळा भरली आणि तासाभरात सोडावी लागली. दुपारपर्यंत समोरचं घर दिसेनासं झालं. फोन मेले होते, गाड्या बंद होत्या. मग आळीच्या बाजूने शिट्टी ऐकू आली, लांब, थांबून थांबून, आणि शिपायाने घंटा धरली. लोक यायला लागले. बोचकी, कोंबड्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला टीव्ही, एका बाईच्या काखेत पेटेल या आशेने आणलेला स्टोव्ह. दादा फाटकात उभे होते, निथळत, आणि एकेक घर आत घेत होते. मी व्हरांड्यात नकाशाची गुंडाळी घेऊन, आलेल्या घरावर पेन्सिलीने खूण करत होते. लाल घरं संपली. एकही शिल्लक नाही. मला इतका आनंद झाला, की इंजिनिअरला फोन करायला धावले, आणि मग आठवलं की फोन मेलाय.

दादा आत आले. दम लागला होता. त्यांनी विचारलं आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं, नकाशा उलगडून दाखवलाही. त्यांनी नकाशाकडे पाहिलं नाही. ते वर्गातून फिरायला लागले. माणसांच्या मधून, बाकांच्या मधून, नाक वर करून. मला वाटलं, वर्गात घाण झाली म्हणून चिडलेत.

"सुकटीचा वास येत नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, बरंच आहे की.

दादांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे नाही, माझ्याकडे. "हौशी कुठं हाय?"

आता माझा मूर्खपणा बघा. मी हौशाबाईला नकाशात शोधायला लागले. ओढ्यावरून बोट वर नेत नेत कोपऱ्यात आले, आणि तिथे बाण होता. पिसांच्या खाली, नीट पाहिलं तर, खोडलेल्या रेषेचा पुसट वाकडा माग दिसत होता. मी म्हटलं, "दादा, वळण."

ते फाटकाबाहेर पडले सुद्धा होते. मी मागोमाग धावले. नकाशा हातातच राहिला. वाटेत वखार लागली. केशवशेठ दोरांची वेटोळी आणि बांबू काढून, आपल्या हमालांना घेऊन तयार उभे होते. आराखड्यात त्यांचं काम तेच होतं. दादांनी नुसतं बोट दाखवलं आणि ते निघाले.

वळणापाशी पोचलो तेव्हा मी जे पाहिलं ते मेल्यावरही विसरायची नाही. ओढ्याने वळण सोडून दिलं होतं. जुन्या वाकड्या पात्रात पाणी होतंच, पण मुख्य लोंढा मधल्या शेतातून आडवा फोडून निघाला होता. माझ्या नकाशात होता तसा. सरळ. आणि दोन पाण्यांच्या मध्ये उंचवट्यावर ती घरं अडकली होती. बाकीची माणसं सकाळीच नातेवाइकांकडे निघून गेली होती. एका घराच्या दारात, पालथ्या टोपलीवर, हौशाबाई बसली होती. मागे खाटेवर तिची सासू होती. सासूला कैक वर्षांत पाऊल टाकता आलेलं नव्हतं, आणि तिला टाकून सून जाणार नव्हती.

अलीकडच्या जांभळाला दोर बांधला. दोन हमाल दुसरं टोक घेऊन उतरले. पाणी छातीला लागलं, मग फक्त डोकी दिसली, मग एकच डोकं दिसलं. शेठनी मोठ्याने त्याच्या नावाने हाक मारली. कितीतरी वेळाने दुसरं डोकं वर आलं. दादा जांभळाला पाठ टेकून, दोराचा वेढा कमरेला घेऊन उभे होते. बोलायला दम नव्हता, म्हणून शिट्टीने सांगत होते. एक शिट्टी, ओढा. दोन, थांबा. मी त्यांच्यामागे दोर धरून. पलीकडे घोंगडी बांबूला बांधून झोळी केली, तीत सासूला घातलं. पुढे एक हमाल, मागे एक, हौशाबाई एका हाताने दोराला, एका हाताने झोळीला. मधोमध आले आणि मागच्याचा पाय निसटला. झोळी पाण्याला टेकली. दोर असा हिसकला की दादा जाग्यावरून सरकले. मी दोन्ही हातांनी दोर धरायला गेले तेव्हा कळलं, की काखेत अजून नकाशा आहे. तो सुटला. पाण्यावर उलगडला, बाणासकट, आणि चालता झाला.

दोन शिट्ट्या. सगळे थांबले. पाणी झोळीवरून जात होतं आणि आतून म्हातारी देवाच्या नव्हे, सुनेच्या नावाने ओरडत होती. मग एक शिट्टी. ओढलं. परत एक. शेठ माझ्यापुढे चिखलात गुडघ्यांवर बसून ओढत होते.

ती मंडळी काठाला लागली तेव्हा दादांना श्वास घेता येत नव्हता. तरी ते वळले, पलीकडच्या घराकडे पाहिलं आणि खुणेनेच हौशाबाईला विचारलं, मागे कोण राहिलं.

"सुकट," ती म्हणाली.

आम्ही शाळेच्या चढाला लागलो नव्हतो तोच मागे त्या घराची भिंत बसली. आवाज फार मोठा झाला नाही. मातीची भिंत होती.

शाळेत तिला चहा दिला. मी विचारलं, की घंटा ऐकू आली नव्हती का. आली होती म्हणाली, चांगली आली होती, शिट्टीही आली होती. पाणी तेव्हा घोट्यालाच होतं, हाक मारली असती तर दोन माणसांनी येऊन सासूला उचलून नेलं असतं. मग का नाही मारली? तिने माझ्याकडे, लहान पोराकडे बघावं तसं बघितलं.

"आळीवाल्यांना घरी जाऊन सांगितला व्हता. आमाला कोनी सांगितला नाय. बोलावल्याबिगर कशी येऊ गो बाय? ज्यांची घंटा, त्यांची."

मी दादांच्या बोलण्याची वाट पाहत राहिले. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, दिवाळीपर्यंत. ते काही बोलले नाहीत. मी ही त्यांची मोठी शिक्षा समजत होते. खरं म्हणजे त्यांना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. ते बाजारात बैठका घेत होते, एकेका पाटीपाशी उकिडवं बसून.

पुढच्या उन्हाळ्यात नवा नकाशा झाला, पण कागदावर नाही. शाळेच्या मैदानात, रांगोळीने, अंगणाएवढा. सगळं गाव बोलावलं. प्रत्येकाने आपापलं घर असेल तिथे येऊन उभं राहायचं. लोक हसत, ढकलत, माझी भिंत तुझ्या न्हाणीत आली म्हणून भांडत उभे राहिले. केशवशेठ आपल्या वखारीच्या जागी उभे राहिले आणि मागे बघितलं तर त्यांचा पाय ओढ्याच्या रांगोळीत होता. सबंध गावासमोर त्यांना तो उचलावा लागला. पूर्ण नाही, निम्मा. कुंपणही पुढे त्यांनी निम्मंच मागे घेतलं. वळण हौशाबाईने काढलं, टाचेने माती ओढत. दादांनी शिट्टी तोंडाशी नेली, मैदानाभोवती फिरले, विचारलं. लोकांनी एकमेकांकडे बघून उत्तरं दिली. अमका पोल्ट्रीवर कामाला गेलाय. तमकी बाळंतपणाला माहेरी आलीय, ती धरायची का. धरायची.

मी रांगोळीचा डबा घेऊन कोपऱ्यात वाकले होते. दादा जवळून जाता जाता, न थांबता म्हणाले, "बाण शेवटी काढ."

त्यांना कधी कळलं, कसं कळलं, मी विचारलं नाही. एवढी हिंमत माझ्यात नव्हती, नकाशे काढण्यापुरतीच होती.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात मैदानात उभं राहण्याची रीत पडली. हौशाबाईला शाळेमागे वर जागा मिळाली. आधी दिलेली जागा बाजारापासून लांब म्हणून तिने नाकारली होती, आणि दादा तिच्या बाजूने पंचायतीत बसून राहिले होते. वळणावरची जागा रिकामी राहिली नाही. पुढे तिथे वीटभट्टीवरची माणसं आली, ती गेली की दुसरी आली. दर वेळी दादा जाऊन त्यांना मैदानात घेऊन यायचे.

मग दम्याने त्यांना फार पिडलं. मुलगा कल्याणहून न्यायला आला. मे महिन्याची सकाळ होती. स्टँडपुढे लावलेली झाडं डोक्याच्या वर गेली होती, त्यांच्या सावलीत गाव जमलं होतं. विहीणबाईसुद्धा आल्या होत्या, वेळेच्या आधी. हौशाबाईने सुकटीचं पुडकं दादांच्या मांडीवर ठेवलं आणि गाडीतल्या लोकांनी नाकाला रुमाल लावले. दादा खिडकीशी बसले. मी डोळे पुसत फलाटावर मागे उभी. मला वाटलं, माझ्याशी काही बोलायचे नाहीत.

कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला. दादांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. डोळ्यांना आता फारसं दिसत नव्हतं, तरी नजर माझ्या खांद्यावरून मागे, सबंध फलाटावर फिरली. त्यांनी विचारलं, नेहमीसारखं.

मी रडत रडत म्हटलं, "कोणी नाही, दादा. सुखरूप जा."

त्यांनी सदऱ्यातून शिट्टी काढली आणि दोनदा फुंकली. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गाडीतले लोक कुरकुरायला लागले, मुलगा "बाबा, बाबा" करत होता, आणि दादा सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाले:

"तुझा 'कोनी नाय' मी एकदा आयकलाय, मास्तरीन. जा, वळनावर जाऊन बघून ये. गाडी थांबवतो मी."